अर्धं आमीन

माझी बायको इनोयत गेली त्या सकाळी मी रेल्वेच्या फाटकावर अडकलो होतो. मालगाडी पुढे-मागे करत होती. स्टेशन जवळ असल्यामुळे डबे तिथेच जोडतात, तिथेच सोडतात, आणि तोवर फाटक बंद. आमच्या बाजूच्या माणसाला शहरात जायला दुसरी वाट नाही. माझ्या दमासमध्ये बाजाराला निघालेल्या बायका आणि त्यांच्या पिशव्या होत्या. दमास म्हणजे छोटी व्हॅन. तुतकोचा मोहल्ला ते बाजार या रूटवर मी ती चालवतो.

माझ्या बरोबर पुढे एक ॲम्ब्युलन्स उभी होती. वर दिवा फिरत होता, ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न मारत होता. हॉर्न मारून मालगाडी हटत नाही हे त्यालाही माहीत असणार.

मागून एक बाई म्हणाली, "कुणाच्या तरी घरावर वेळ आलीय बघा."

मी म्हणालो, "काही नाही हो. जेवायला जायचं असलं तरी हे दिवा लावतात. आत कुणी नसेल."

बायका हसल्या. माझा स्वभावच तसा. इनोयत म्हणायची, "ओदिलचे बाबा, तुम्हाला कुणी सलाम केला तरी तुम्ही आधी त्याच्या हातात काय आहे ते बघता."

फाटक उघडलं. ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलकडे वळली, मी बाजाराकडे. स्टँडवर चहा घेत होतो तेव्हा मामासोली आला. मामासोली माझा शेजारी, नान भाजतो. तंदूर पेटलेला असताना तो गल्लीच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्याच्या हाताला पीठ तसंच होतं.

"किल्ली दे," तो म्हणाला. "गाडी मी चालवतो."

"तुला येते कुठे?"

"येते तेवढी पुरे. वहिनीला जरा बरं नाही."

त्यानं खरोखर वाईट चालवली. मी दोनदा त्याला गिअरबद्दल बोललो. आमच्या गल्लीत वळलो तर आमच्या घरासमोर बाकं मांडलेली दिसली. इनोयतचे दोन्ही भाऊ लांब निळे अंगरखे घालून, कमरेला रुमाल बांधून, डोक्यावर टोपी घालून दाराशी उभे होते. कुणी आजारी असलं की माणसं अशी उभी राहत नाहीत. मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर आम्ही तिला पोचवून आलो. संध्याकाळी मी मामासोलीला विचारलं, ती कुठे गेली, हॉस्पिटलात का?

"नाही," तो म्हणाला. "रस्त्यात. फाटकावर."

"कधी?"

त्यानं सांगितलं. मी उठलो आणि जाऊन दमासमध्ये बसलो. काचेतून पुढे बघत बसलो, जशी काही ती ॲम्ब्युलन्स अजून समोर होती.

*

त्यानंतर कित्येक दिवस माणसं येत राहिली. येत, बसत, दुआ मागत, उठत. जो तो म्हणे, फाटकानं मारलं. मी मान हलवत होतो. पण एक गोष्ट मला खटकली. मला माहीत नव्हतं ते लोकांना माहीत होतं. एक जण म्हणाला, शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या म्हणे. दुसरा म्हणाला, बोलत होत्या. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर, "ऐकलं," एवढंच.

ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर आमची सून होती, झुलहुमोर. मुलगा ओदिल रशियात, त्यूमेनला, इमारतींच्या कामावर आहे. त्याला मातीला पोचता आलं नाही. झुलहुमोर आमच्या घरात आली तेव्हापासून माझ्याशी बोलते ती खाली बघून. चहा देताना एक हात छातीवर. आमच्याकडे सुना अशाच वागतात. ती परक्या माणसाशी काही बोलेल हे माझ्या मनातही आलं नाही. मी समजलो, तिनं बायकांत काही सांगितलं असेल, आणि बायकांतून ते बाहेर गेलं असेल.

त्याच दिवसांत मोजणीवाले आले. तिपाईवर दुर्बीण ठेवून गल्लीत उभे राहिले. कुणी काही विचारलं की म्हणायचे, फक्त मोजणी. फाटकावर दोन मुली खुर्च्या टाकून बसल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत. एका दुपारी घरी आलो तर माझ्या भिंतीवर लाल रंगात आकडा. त्याच भिंतीला आतून ओदिलची नान टांगलेली आहे. लांब जाणारा माणूस निघताना नानचा एक घास घेतो, उरलेली आम्ही टांगून ठेवतो. परत आल्यावर त्यानं ती संपवायची. नान इनोयतनं टांगली होती. खिळाही तिनंच ठोकला होता, जरा वाकडा.

मी रॉकेल आणून तो आकडा पुसला. दुसऱ्या दिवशी परत होता.

गल्लीतून फिरून आलो. मामासोलीच्या भिंतीवर आकडा होता. पलीकडच्या सगळ्यांच्या भिंतींवर होता. कोपऱ्यावरच्या तुर्गुन-अकांच्या भिंतीवर नव्हता. तुर्गुन-अका, म्हणजे तुर्गुनदादा, आमच्या मोहल्ल्याचे अध्यक्ष. भांडण मिटवायचं, लग्नाला खुर्च्या द्यायच्या, मयताला कढया द्यायच्या, सगळं त्यांच्याकडे. त्यांची भिंत नुकतीच चुना मारल्यासारखी स्वच्छ होती.

*

मयतानंतर विसाव्या दिवसाचा पुलाव आम्ही पहाटेचा घालतो, उजाडता उजाडता. कढया तुर्गुन-अकांनी पाठवल्या, आचारीही त्यांनीच सांगितला. मी त्यांचे आभार मानले. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं लावली होती. सगळी गल्ली आली.

तुर्गुन-अका एका पाहुण्याला घेऊन आले. पस्तिशीचा, कोट घातलेला, नम्र माणूस. त्याला त्यांनी सगळ्यात वरच्या जागेवर बसवलं.

"हे रावशनबेक," ते म्हणाले. "शहराच्या आराखड्याच्या ऑफिसातून. आपल्या दुःखात सामील व्हायला आलेत."

मी हात मिळवला. मनात म्हटलं, माझ्या दुःखाचा याला पत्ता कुणी दिला.

पुलाव खाऊन झाला. तुर्गुन-अकांनी तळवे वर केले. सगळ्यांनी केले. मीही केले. ते म्हणाले, "या घरच्या बाईला जन्नत मिळो. मागे राहिलेल्यांना धीर मिळो. पुन्हा कुणाची आई फाटकावर न अडको. तिथे पूल उभा राहो, आपल्या गल्लीतून रुंद रस्ता जावो, वाढत्या लेकरांना उजेडाची घरं मिळोत. पाहुण्यांचं काम सोपं होवो. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. रावशनबेकबरोबर आलेल्या एकानं फोटो काढला.

हे दुसऱ्या ठिकाणी घडलं असतं तर काही बिघडलं नसतं. आमच्याकडे मुलीचं लग्न ठरतं ते असंच. दोन्हीकडची माणसं बसतात, दुआ होते, चेहऱ्यावरून हात फिरतो, आणि मुलगी दिली. सही नाही, कागद नाही. त्यानंतर जो मागे फिरतो त्याच्या दारात कुणी चहा पीत नाही. आणि दुआ मयताच्या टेबलावर चाललेली असताना मध्येच, थांबा, हे काय म्हणालात, असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पाहुणे गेल्यावर मामासोली ताटं गोळा करत माझ्याजवळ आला.

"हमदम, आपण आत्ता कशाला आमीन म्हणालो?"

"दुआला."

"दुआत रस्ता होता."

"होता."

"कुठून जाणारा?"

"आपल्या गल्लीतून."

"गल्लीत माझा तंदूर आहे."

"माहीत आहे मला."

"मग मी माझ्याच तंदूरवर आमीन म्हणून आलो की काय?" त्यानं ताटं खाली ठेवली. "आणि पुलावपण चांगला झाला होता."

*

थोड्याच दिवसांत मोहल्ल्याच्या ऑफिसाबाहेर एक मोठा फलक लागला. त्यावर रंगीत नकाशा. फाटकावर पूल, पुलावरून उतरणारा रुंद रस्ता, मधोमध बसगाड्यांची वेगळी वाट, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि त्यांच्यात काढलेली हिरवी झाडं. आमच्या गल्लीच्या जागी ती झाडं होती. खाली फोटो. माझं अंगण, माझा द्राक्षाचा मांडव, तोंडावर हात घेतलेले आम्ही सगळे. त्याखाली लिहिलं होतं, रहिवाशांनी आराखड्याला संमती दिली.

आणि बाजूला चौकटीत असं होतं: याच मोहल्ल्यातली एक आई फाटकावर थांबलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये मरण पावली. ती शुद्धीवर होती.

मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग परत वाचलं. माझं घर पाडायला त्यांना माझ्या बायकोचं मरण मिळालं होतं. कुणीतरी ते नेऊन दिलं होतं. घराचं मला दुःख होतंच. पण तिच्या नावावर तिचंच घर पाडायचं, हे मला गिळता येईना. ते कुणी नेऊन दिलं हे शोधायचं मी ठरवलं.

तुर्गुन-अका चायखान्यात भेटले. माझ्यासाठी त्यांनी चहा ओतला. मी तो तसाच ठेवला.

"तुमच्या भिंतीवर आकडा नाही," मी म्हणालो.

"माझं घर कोपऱ्यावर आहे."

"रस्ता कोपऱ्यावरच वळतो."

"वळतो म्हणून काय मी वळवला? रस्ता म्हणजे काय माझं गाढव आहे का, कान धरला की वळायला?"

शेजारच्या बैठकीवरची माणसं हसली. मी हसलो नाही.

"इनोयतचं त्यांना कुणी सांगितलं?"

"मी समजलो तू सांगितलंस."

"मी?"

"बायको तुझी गेली. फाटकावर तू होतास. पूल सगळ्यात आधी तुला हवा असणार, असं मला वाटलं." त्यांनी माझा गार झालेला चहा बाजूला ओतला आणि नवा भरला. "तुला पूल नको का, हमदम? सांग की सगळ्यांसमोर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चहा न पिता उठलो.

मग मला मामासोलीचा संशय यायला लागला. बाजारातून मला आणायला तोच आला होता. कुठे गेली, कधी गेली, सगळं त्यालाच माहीत होतं. दुआनंतर तंदूरसाठी एवढा कळवळला होता, पण फलक लागल्यापासून गप्प होता. एकदा तो दोरी घेऊन तंदूरचं माप घेताना दिसला. मी विचारलं, काय करतोस. म्हणाला, काही नाही. ज्याला तंदूर हलवायचा नाही तो माप कशाला घेईल?

मी त्याच्याकडून नान घेणं बंद केलं. बाजारातून आणायला लागलो. तो गल्लीत वाट अडवून उभा राहिला.

"परक्या तंदूरची नान आणतोस. माझ्या पिठात काय विष घालतो मी?"

"बाजारातून येतच असतो, म्हणून आणतो."

"बाजारातून तू इतकी वर्षं येतोयस." तो माझ्या पिशवीत डोकावला. "आणि आणलीस ती पण करपलेली. संशय खायचाच होता तर जरा चांगल्या ठिकाणचा घ्यायचास."

त्याच्याशी भांडायला मला आवडलं असतं. पण त्यानं वाट सोडली आणि आत गेला.

*

शेवटी मी शहरात रावशनबेकच्या ऑफिसात गेलो. मला वाटलं होतं बाहेर बसवून ठेवतील. त्यानं लगेच आत घेतलं, खुर्ची दिली.

"हमदम-अका, रागावून आलात," तो म्हणाला. "आधी नकाशा बघा, मग रागवा."

त्यानं नकाशा पसरला. म्हणाला, तुमच्या बाजूला एकेका अंगणात तीन-तीन संसार आहेत. शाळेत मुलं पाळ्यांनी बसतात. शेतात घरं बांधू दिली तर खायचं काय, पाट कुठून न्यायचे? म्हणून घरं उंच करायची, बसच्या वाटेला लागून करायची, म्हणजे माणसाला कामावर जायला स्वतःची गाडी लागणार नाही. आणि फाटक. सगळी बाजू एका फाटकातून जाते-येते. आज ही अवस्था, तर तुमची नातवंडं मोठी होतील तेव्हा काय?

तो खोटं बोलत नव्हता. मी त्या रूटवर गाडी चालवतो. आधी मी मोकळ्या गाडीनं परत यायचो, आता माणसं दारात लटकतात. त्याचं सगळं मला पटलं. पटलं म्हणूनच मी जास्त नीट बघायला लागलो.

पुलावरून उतरलेली रस्त्याची रेषा सरळ येत होती. सरळ गेली असती तर जुन्या कापूस गिरणीच्या आवारात शिरली असती. ते आवार कित्येक वर्षं रिकामं आहे, आत काटे आणि कुत्री. पण रेषा आवाराच्या तोंडाशी आली आणि डबकं चुकवणाऱ्या माणसासारखी बाजूला झाली. तिथून आमच्या गल्लीत.

"इथं का वळली?"

"तांत्रिक कारणं आहेत."

"कोणती?"

"आवाराखाली पाणी वर आहे."

"गल्ली आणि आवार यांच्यामध्ये एक भिंत आहे. पाणी भिंत बघून थांबतं?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हमदम-अका, रेषा मी आखत नाही. रेषा माझ्याकडे येते. मी ती लोकांना समजावून सांगतो."

"आवार कुणी घेतलंय?"

"ते मला माहीत नाही."

हे तो खरं बोलला की खोटं हे मला आजही सांगता येणार नाही.

उठताना मी शेवटचं विचारलं. "माझ्या बायकोचं तुम्हाला कुणी सांगितलं? तुर्गुननं की नानवाल्यानं?"

त्याला नवल वाटलं. "तुम्हाला माहीत नाही? तुमच्या सुनेनं. फाटकावर आमच्या मुली गाड्या मोजत होत्या, त्यांच्याकडे त्या स्वतः आल्या होत्या."

*

परत येताना फाटक बंद होतं. मी इंजिन बंद करून बसलो. गाडीत माणसं होती, कुणी काही बोललं की मी हूं म्हणत होतो.

घरी आलो तेव्हा झुलहुमोर अंगणात पाणी मारून झाडत होती. मला बघून तिनं झाडू बाजूला ठेवला आणि चहाला निघाली.

"चहा नको," मी म्हणालो. "बस."

ती ओट्याच्या कडेला बसली.

"फाटकावरच्या मुलींना तू सांगितलंस?"

"हो."

तिनं नाही म्हणावं असं मला वाटत होतं. नाही म्हणाली असती तर मी लगेच विश्वास ठेवला असता.

"का?"

ती खाली बघत होती. मग तिनं वर बघितलं. इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडे सरळ बघितलेलं मला आठवत नाही.

"तुम्हाला सांगता येत नव्हतं म्हणून."

"काय सांगता येत नव्हतं?"

"आई शुद्धीवर होत्या. फाटकावर थांबलो तेव्हा मागच्या काचेतून मला तुमची दमास दिसली. अगदी मागे होतात तुम्ही. तुम्ही काहीतरी बोललात आणि गाडीतल्या बायका हसल्या. मी म्हणाले, आई, बाबा मागेच आहेत, मी उतरून त्यांना बोलावते. त्यांनी माझं मनगट धरलं." तिनं स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "म्हणाल्या, नको. त्यांच्या गाडीत माणसं आहेत. घाबरतील ते. त्यांना फेरी पुरी करू दे, आपण हॉस्पिटलातून निरोप पाठवू."

मी तिच्या मनगटाकडे बघत राहिलो.

"मी उतरायला हवं होतं," ती म्हणाली. "त्यांनी मनगट सोडलं तेव्हा उतरून काही उपयोग नव्हता."

मांडवावरच्या पानांतून पाणी ठिबकत होतं. तिनं मांडवालाही पाणी मारलं होतं. इनोयत तसंच करायची.

"कुणाला तरी सांगायचं होतं," झुलहुमोर म्हणाली. "त्या मुली दिवसभर तिथे बसलेल्या असायच्या. मी त्यांना विचारलं, थांबलेल्या गाडीत कोण आहे तेपण लिहिता का? त्या म्हणाल्या, नाही, फक्त गाड्या मोजायच्या. मग मी त्यांना सांगितलं. त्यातली एक रडली."

"त्यांनी तुला घराचं विचारलं?"

"मला घराचं कुणीच विचारलं नाही. तुम्हीपण नाही."

"मग आता विचारतो."

ती विचार करून बोलली. "घर मला हवंय. ओदिल इथे येणार आहेत, त्यांची नान इथे आहे. पण बाबा, मला पूलपण हवाय. तुम्ही रागावलात तरी हवाय."

मी म्हणालो, "चहा ठेव."

*

जनसुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला लागून. रावशनबेकनं नकाशा समजावून सांगितला. त्यानं चांगलं सांगितलं. मग तुर्गुन-अका म्हणाले, मोहल्ल्यानं दुआ केलेलीच आहे, आता कुणाला काही सुचवायचं असेल तर सुचवा, झाडं कुठली लावायची वगैरे.

मी उभा राहिलो. मला हॉलमध्ये बोलायची सवय नाही. मी म्हणालो, "माझ्या अंगणातल्या दुआला मी आमीन म्हणालो होतो. त्यातलं अर्धं मी परत घेतो."

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही.

तुर्गुन-अका म्हणाले, "हमदम, तू दुःखात आहेस."

"आहे. इनोयतसाठीची दुआ माझी. पुलाची दुआपण माझी, ती मी मागे घेत नाही. पूल व्हायला हवा. पण आमच्या गल्लीची दुआ माझी नव्हती. ती तुम्ही मध्ये घातलीत."

"आमीनचे तुकडे होत नाहीत. मुलगी दिली, पण तिचे पाय घरी ठेवून घेतले, असं होतं का कधी?"

लोक हसले. मीही थोडा हसलो, कारण ते बोलले बरं.

"होत नसेल," मी म्हणालो. "मग तुम्ही सांगा, पुलावरून येणारी वाट रिकाम्या गिरणीपाशी येऊन का वळते? गिरणीच्या आवाराला कुंपणाची भिंत नवी बांधलीय. आत काटे आहेत. काट्यांना भिंत कशाला?"

तुर्गुन-अकांनी रावशनबेककडे बघितलं, रावशनबेकनं कागदाकडे.

"आणखी कुणी?" रावशनबेकनं विचारलं. "ज्यांना संमती मागे घ्यायची आहे त्यांनी उभं राहावं."

मी मामासोलीकडे बघितलं. तो आपल्या हातांकडे बघत होता. त्याच्या नखांत नेहमी पीठ असतं.

"मी विचार करतोय," तो म्हणाला, आणि उभा राहिला नाही.

माझ्या बाजूचा कुणीच उठला नाही. मग मागून आवाज आला. बारीक आवाज होता, पहिल्यांदा नीट ऐकू आला नाही. झुलहुमोर भिंतीपासून एक पाऊल पुढे आली होती, एक हात छातीवर.

"फाटकाचं मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "घराचं मी सांगितलं नव्हतं. तेपण लिहा."

सुना अशा बोलत नाहीत. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तिला बसवतो का ते बघायला. मी रावशनबेकला म्हणालो, "लिहा."

त्यानं लिहिलं. फेरविचारासाठी वर पाठवतो म्हणाला. वर म्हणजे कुठे हे मी विचारलं, तर म्हणाला, जिथून रेषा येते तिथे.

*

तेव्हापासून उन्हाळा गेला. द्राक्षं उतरवून झाली, ती झुलहुमोरनंच उतरवली. फलक अजून तिथेच आहे, आमच्या सगळ्यांच्या तोंडावर अजून हात आहेत. माझ्या भिंतीवरचा आकडा मी आता पुसत नाही. गिरणीच्या आवारात काटे काढून माती सपाट केलीय. कुणी केली ते कुणालाच माहीत नाही, असं सगळे सांगतात. तुर्गुन-अका भेटले की छातीवर हात ठेवून सलाम करतात, आणि मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघतो. मामासोली अजून विचार करतोय. नव्या बस स्टॉपवर त्याला दुकानाची जागा कबूल केलीय असं मी ऐकलं. त्याला विचारलं तर म्हणाला, तू आधी माझी नान खा, मग सांगतो. मी खाल्ली. त्यानं सांगितलं नाही.

मी अजून त्याच रूटवर आहे. फाटकावर पुढे ॲम्ब्युलन्स उभी असली की मी उतरतो आणि तिच्या मागच्या काचेतून आत बघतो. ड्रायव्हर ओरडतात. एकदा आत खरंच कुणी नव्हतं.

आराखड्याचं उत्तर आलेलं नाही. ओदिलची नान संपलेली नाही. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी आपलं आमीन मागे घेतलेलं नाही. मालगाडीचे डबे अजून तिथेच जोडतात, आणि फाटकावर पूल झालेला नाही.